दारावरची पुली आधी काढा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो आणि त्याच्यामागोमाग तीन वस्तू घरात शिरतात: दारावर अडकवायची दोरी-पुली, पिळायचा मऊ चेंडू आणि हवेच्या दाबाने बोटे उघडमीट करणारा हातमोजा. कोणी ओळखीच्याने सुचवलेले असते, कोणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. आणणाऱ्याच्या मनात माया असते, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण हातात सध्या कोणती हालचाल शिल्लक आहे, हे न बघताच साधन आणले जाते, आणि चार-सहा महिन्यांनी खांदा दुखरा, मूठ घट्ट आणि हातमोजा कपाटात अशी अवस्था होते. आम्ही पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहोत. घरच्या घरी हाताचा व्यायाम करण्याच्या साधनांबद्दल जरा सविस्तर लिहितो आहोत. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात पुलीपासून, कारण सर्वांत जास्त नुकसान तीच करते. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीला टेकलेला मोठा गोळा. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः सांध्याभोवतीचे चार छोटे स्नायू करतात. झटक्यानंतर हेच स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने गोळा खाली ओघळतो. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट दाबले तर बोटभर खळगा लागतो. 'खांदा उतरला' म्हणतात तो हाच. आता निरोगी माणूस हात डोक्यावर नेतो तेव्हा एकूण सुमारे 180 अंशांपैकी 120 अंश या सांध्यात होतात आणि बाकीचे 60 पाठीवरचे खांद्याचे पाते फिरल्यामुळे मिळतात. शिवाय वर जाता जाता दंड बाहेरच्या बाजूला वळतो, म्हणून हाडाचा उंचवटा वरच्या हाडावर आपटत नाही. पुलीवर यातले काहीच घडत नाही. चांगला हात दोरी खेचतो, मुठीला बांधलेला कमजोर हात वर ओढला जातो, पाते मात्र जागचे हलत नाही आणि दंड आतच वळलेला राहतो. दोन हाडांमध्ये स्नायूंच्या दोऱ्यांना चिमटा बसतो. रोज पन्नास वेळा दोरी ओढली की पन्नास चिमटे.

हे नुसते तर्कटही नाही. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 28 रुग्णांचे तीन गट केले होते. थेरपिस्टने स्वतः हालचाल दिलेल्या गटात 8 टक्के जणांचा खांदा दुखू लागला, चाकांची फळी (हात तिच्यावर ठेवून टेबलावर सरकवायची) वापरणाऱ्या गटात 12 टक्के, आणि डोक्यावरची पुली वापरणाऱ्या गटात 62 टक्के. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण खांद्याची रचना पाहिली तर निकालाचे आश्चर्य वाटत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही डोक्यावरच्या पुलीचा व्यायाम देऊ नये असेच म्हटले आहे. तरी ती अजून 'पॅरालिसिससाठी उपयुक्त' असे लिहून विकली जाते. गोठलेल्या खांद्याच्या (फ्रोझन शोल्डर) व्यायामात तिला जागा आहे. तिथली जाहिरात तशीच उचलून इथे चिकटवलेली दिसते.

पुली काढल्यावर खांदा मोकळा कसा ठेवायचा? रुग्णाला पाठीवर निजवावे. मदतनीसाने एक हात कोपराच्या वर दंडाखाली द्यावा, दुसऱ्याने मनगट धरावे, रुग्णाचा अंगठा डोक्याच्या दिशेला ठेवावा आणि हात सावकाश छताकडे न्यावा: पाच आकडे मोजत वर, पाच मोजत खाली. छताकडे सरळ झाला की तिथेच थांबायचे. त्यापुढे न्यायचे तर पाते हाताने पुढे सरकवावे लागते, ते फिजिओकडून प्रत्यक्ष शिकून घेतल्याशिवाय करू नये. दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढे पुरते. आणि रुग्णाला उठवताना किंवा कपडे घालताना कमजोर हाताला धरून ओढू नये. खांदेदुखीचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते.

चेंडूचे प्रकरण वेगळे आहे. झटक्यानंतर पंजात पहिल्यांदा परतते ती बहुधा मिटण्याची हालचाल. उघडण्याची मागे राहते, कधी कायमची मागे राहते. पेला धरायचा तर आधी पंजा पेल्याएवढा उघडावा लागतो आणि काम झाल्यावर सोडावाही लागतो. दिवसभर चेंडू पिळणारा माणूस मात्र जे येते तेच घोटत बसतो. चेंडू हातातून काढायला दुसरा हात लागत असेल, तर चेंडूची वेळ अजून आलेली नाही एवढे त्यावरूनच ओळखावे. पंजा स्वतःहून उघडतो पण पकड कच्ची आहे अशा माणसाने चेंडू खुशाल वापरावा, त्याला आमची हरकत नाही.

उघडण्याचा सराव मनगटापासून सुरू करावा. एक गोष्ट करून पाहा: हात सैल सोडून मनगट खाली वाकवले की बोटे आपोआप थोडी उघडतात, मनगट वर उचलले की मिटतात. बोटे मिटणाऱ्या लांब दोऱ्या मनगटावरून जातात, त्यांचा ताण कमी-जास्त होण्याचा हा परिणाम. याचाच फायदा घ्यायचा. कमजोर हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवावा. मुठीत रुमालाची सैल गुंडाळी द्यावी. मनगट खाली सोडावे, बोटे सैलावली की 'सोड' असे मनात म्हणत गुंडाळी पाडण्याचा प्रयत्न करावा. ती पडली की दुसऱ्या हाताने पुन्हा द्यावी. पंधरा-वीस वेळा जमू लागले की तेच काम मनगट थोडे वर ठेवून करायचे, मग आणखी वर. मनगट सरळ असताना गुंडाळी सोडता आली, तर ती मोठीच मजल आहे. यात चूक एकच होते: घाई. जोर लावला की मूठ उलट आवळली जाते.

साधन घेण्याआधी हाताची परीक्षा घरीही ढोबळ करता येते. बसलेल्या स्थितीत कमजोर हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलता येतो का? बोटे थोडी तरी सरळ करता येतात का? या दोन हालचालींना महत्त्व आहे. 2010 च्या एका डच अभ्यासात झटक्यानंतर 72 तासांच्या आत या दोन्ही हालचाली थोड्याफार दिसलेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांनी पंजाचे काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के होती. दोन्ही नसलेल्यांत 25 टक्के. म्हणजे उरलेल्यांनी आशा सोडावी असे नव्हे, चारात एकाला तरी यश आलेच. पण साधनाची निवड यावरून बदलते. काहीच हालत नसेल तर आरसा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर करंटचे यंत्र (दोन्हींबद्दल पुढे येईलच). टेबलाच्या आधाराने हात सरकत असेल तर चाकांची फळी. हात उचलता येतो, बोटे किंचित उघडतात, तर मग घरातल्याच वस्तू: कपड्यांचे चिमटे, पेले, झाकणाच्या बरण्या, बटणे, पत्ते.

आमच्या मते सर्वांत जास्त उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ही चाकांची फळी. तिच्यामागचे कारण आधी सांगतो. माणसाच्या एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण 5 टक्के असते. 60 किलोच्या माणसाचा हात 3 किलोंच्या आसपास. झटक्यानंतर हे वजन खांद्याने उचलायला गेले की कोपर आपोआप वाकते, मनगट आणि बोटे मिटतात. खांद्याचे आणि कोपराचे स्नायू एकाच दोरीला बांधल्यासारखे वागू लागतात. माणूस समोरची वस्तू घ्यायला जातो आणि हात छातीशीच येतो. हाताचे वजन टेबलाने उचलले की ती गाठ सैल होते आणि तोच माणूस कोपर आश्चर्य वाटावे इतके सरळ करू शकतो. फळी हेच करते. बाकी काही नाही.

ती घरी किंवा सुताराकडून करून घेता येते. 12 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड घ्यावे. लांबी स्वतःच्या हातावर मोजावी: कोपराच्या घडीपासून दोन बोटे सोडून बोटांच्या टोकापर्यंत, बहुतेकांचे माप 40 सेंटिमीटरच्या आसपास येते. रुंदी 13 सेंटिमीटर. कोपरे गोल करून कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, कारण हाताला संवेदना कमी असेल तर लाकडाचे कुसळ टोचलेले कळत नाही. वर 10 मिलिमीटर फोम आणि त्यावर धुता येईल असे कापड. 5 सेंटिमीटर रुंदीच्या दोन वेल्क्रो पट्ट्या, एक कोपराच्या थोडी पुढे आणि दुसरी मनगटाच्या हाडाच्या मागे. हाडावर पट्टी आली की लाल वळ उठतो. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवे. पंजाच्या जागी अर्ध्या चेंडूसारखा उंचवटा असला तर बोटे मिटत नाहीत आणि अंगठा बाजूला राहतो. उभी मूठ बसवू नये, ती धरली की हात पुन्हा आवळतो.

खरी ग्यानबाची मेख चाकांत आहे. सोफ्याखाली लावतात तशी फिरती चाके बसवली तर दिशा बदलताना चाक आधी स्वतःभोवती अर्धी गिरकी घेते, तेवढ्यात फळी आडवी सरकते आणि हाताला हिसका बसतो. चांगल्या हाताला तो जाणवतही नाही. कमजोर हात त्या हिसक्याने दचकून आखडतो आणि फळी 'चालत नाही' म्हणून बाजूला पडते. म्हणून चारही कोपऱ्यांत बॉल कॅस्टर लावावेत, ज्यात पोलादी गोळी सर्व बाजूंनी फिरते. चारपैकी एक टेकत नसेल तर फळी डुगडुगते. त्या कॅस्टरखाली पातळ वॉशर घातला की काम भागते. गोळीत केस आणि धूळ अडकते, आठवड्यातून एकदा पुसून घ्यावी. टेबल सनमायकासारखे गुळगुळीत हवे आणि कडेला 2 सेंटिमीटर उंचीची पट्टी ठोकलेली हवी, नाहीतर फळी हातासकट खाली जाते.

उंचीची चूक तर जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसते. फळी आणि चाके मिळून हात टेबलापेक्षा 4-5 सेंटिमीटर वर उचलला जातो, त्यामुळे एरवी बरोबर असलेले टेबल आता उंच ठरते आणि खांदा कानाकडे जातो. खुर्चीवर तेवढ्या जाडीची घट्ट गादी घालावी आणि पाय लोंबू लागले तर पायाखाली पाट द्यावा. खांदे आरशात समपातळीत दिसले की उंची जमली. दुसरी चोरी धडाची. कोपर सरळ करण्याऐवजी माणूस कमरेतून पुढे झुकतो, फळी खुणेपर्यंत पोचते आणि सगळे खूश होतात. पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये एक जाड कागद धरून ठेवायला सांगा. कागद खाली पडला की ती खेप मोजायची नाही. वारंवार पडत असेल तर छातीवरून रुंद मऊ पट्टा खुर्चीला बांधावा, श्वासाला अडथळा होणार नाही इतका सैल.

टेबलावर रंगीत चिकटपट्टीने दर 10 सेंटिमीटरवर खुणा कराव्यात, एक रांग सरळ समोर आणि एक तिरपी बाहेरच्या बाजूला. आतली बाजू बहुतेकांना सोपी असते, तिच्यावर वेळ घालवू नये. शेवटची खूण हाताच्या पूर्ण लांबीपेक्षा थोडी अलीकडे असावी. 25 खेपा, मिनिटभर विश्रांती, अशा चार फेऱ्या. सकाळी आणि संध्याकाळी. श्वास रोखून जोर लावायचा नाही, रक्तदाब चढतो. हे सोपे वाटू लागले की फळी काढून हाताखाली घडी केलेला टॉवेल घ्यावा, घर्षण वाढते आणि व्यायाम आपोआप जड होतो. त्यानंतर चढ. 60 सेंटिमीटर लांबीच्या गुळगुळीत पाटाचे पलीकडचे टोक 3 सेंटिमीटर उचलले तर चढ जेमतेम 3 अंशांचा होतो, पण कमजोर हाताला तेवढाही जाणवतो. सुरुवात तिथून करावी आणि कोपर पुन्हा वाकू लागले तर एक पायरी उतरावे. हात ठेवायला वर टांगायच्या स्प्रिंगच्या झोळ्या फळीचेच काम हवेत करतात. नीट बसवल्या तर उत्तम, पण बसवायला जाणकार लागतो.

खेपांच्या आकड्याबद्दल थोडे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सात केंद्रांतली 312 उपचारसत्रे मोजली होती. ज्या सत्रांत हाताचा कामाचा सराव झाला, त्यांत सरासरी खेपा किती होत्या? 32. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत सरावामुळे मेंदूतली मांडणी बदललेली दिसली, त्यांत दिवसाला 400 ते 600 खेपा होत होत्या. ही दरी कोणत्याही दवाखान्यात भरून निघणारी नाही, ती घरीच भरावी लागते. घरच्या साधनाचे प्रयोजन तेच. मात्र याचा अर्थ आकडा फुगवत नेला की हात सुधारत जातो, असाही नाही. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या 85 जणांवरच्या 2016 च्या चाचणीत 3,200, 6,400 आणि 9,600 खेपांच्या गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची शिकण्याची तयारी जास्त असते, तेव्हा सराव सर्वांत मोलाचा, आणि नेमके तेच दिवस 'जरा बरे वाटू दे, मग बघू' म्हणण्यात जातात.

आता करंटचे यंत्र. दुकानात एकसारखी दिसणारी दोन यंत्रे असतात. एक वेदनेवरचे, टेन्स नावाचे. त्याने मुंग्या येतात, स्नायू उचलला जाईलच असे नाही. दुसरे स्नायूला आकुंचन देणारे. आपल्याला दुसरे हवे. मनगट आणि बोटे उघडण्यासाठी 5 सेंटिमीटरचे दोन पॅड लागतात: एक कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली तीन बोटांवर, हाताच्या पाठीच्या बाजूला, आणि दुसरा त्याच बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्यापलीकडे. वारंवारता 35 हर्ट्झ, स्पंदाची रुंदी 250 ते 300 मायक्रोसेकंद, 5 सेकंद चालू आणि 10 सेकंद बंद, चढ, म्हणजे करंट हळूहळू पूर्ण जोरावर येण्याचा वेळ, 2 सेकंदांचा. चढ ठेवला नाही तर झटका बसतो आणि आखडलेले स्नायू उलट ताठतात. सुरुवात 10 मिनिटांनी, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत.

पॅड लावल्यावर मनगट अंगठ्याच्या बाजूला तिरके उठत असेल तर वरचा पॅड करंगळीच्या बाजूला बोटभर सरकवा. मनगट उठते पण बोटे मिटलेलीच, तर खालचा पॅड मनगटाकडे थोडा न्या. बोटे उलट आवळली जात असतील तर पॅड कडेवरून पुढच्या, म्हणजे तळव्याच्या, बाजूला उतरला आहे किंवा करंट फार झाला आहे. पॅड वाळून कडा उचलल्या की उरलेल्या चकतीवर करंट एकवटतो आणि भाजते. पाण्याचा एक थेंब बोटाने पसरावा, तरी चिकटत नसेल तर पॅड बदलावा. हाताला स्पर्श कळत नसेल तर 'सोसेल तेवढा करंट' हे सूत्र लागू पडत नाही. आकुंचन दिसले की तिथेच थांबावे आणि नंतर त्वचा तपासावी. पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र वापरू नये. गर्भवतींनी, फिट येणाऱ्यांनी आणि त्या भागात कर्करोग, जखम किंवा रक्ताची गुठळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि करंट चालू असतानाच रुग्णाने मनाने हात उघडायचा असतो. यंत्र लावून टीव्ही बघत बसले तर व्यायाम यंत्राचा होतो.

हवेच्या हातमोज्यावर आमचा आक्षेप नेमका हाच आहे. पंप हवा भरतो, बोटे उघडतात. पंप हवा ओढतो, बोटे मिटतात. माणूस बघत राहतो. सांधे मोकळे राहायला थोडी मदत होईल, पण हालचाल शिकायची ती मेंदूने, आणि मेंदूला इथे काही कामच दिलेले नाही. मोजा घ्यायचाच असेल तर तो रुग्णाच्या प्रयत्नाची वाट बघतो का, म्हणजे बोटाची थोडी हालचाल किंवा स्नायूतला संकेत ओळखून मग मदत करतो का, हे विचारावे. बऱ्याच स्वस्त मोज्यांत अंगठा बोटांच्याच रेषेत ओढला जातो, तो बाजूला उघडायला हवा. मूठ इतकी घट्ट असेल की नखे तळव्यात रुततात, तर पंपाचे तिथे काही चालत नाही. त्या अवस्थेत डॉक्टर बोट्युलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊ शकतात. परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि हात उघडण्याचा सराव त्या मुदतीत नेटाने करायचा असतो. नुसते इंजेक्शन घेऊन गप्प बसले तर मुदत संपते आणि मूठ पुन्हा होती तशी.

महागड्या यंत्रमानवांबद्दलही लोकांची समजूत फार मोठी असते. ब्रिटनमधल्या रॅटल्स नावाच्या चाचणीत 770 रुग्ण होते. हाताला हालचालीत मदत करणाऱ्या एमआयटी-मेनस या यंत्रावर 45 मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, 12 आठवडे सराव दिला. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: हाताच्या कामकाजात नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस सुधारणा दिसली नाही. यंत्र वाईट नव्हते, त्यावरची हालचाल रोजच्या कामात उतरली नाही. याउलट कॅनडातल्या 103 रुग्णांच्या 2009 च्या चाचणीत चिमटे, पेले, ठोकळे, टॉवेल अशा वस्तूंचा पेटारा आणि एक पुस्तिका देऊन चार आठवडे स्वतःहून सराव करायला सांगितला, तर हाताचा वापर सुधारला.

एक साधन असे आहे की ते कमजोर हाताला लावायचेच नसते. चांगल्या हाताला जाड मोजा घालून त्याला कामातून बाहेर ठेवायचे, म्हणजे कमजोर हाताला काम करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. झटक्यानंतर सगळे एकाच हाताने भागवायची सवय लागते आणि दुसरा हात जमत असूनही वापरला जात नाही. त्यावरचा हा उतारा. 2006 च्या एक्साइट चाचणीत झटक्याला 3 ते 9 महिने झालेल्या 222 जणांवर तो यशस्वी ठरला. जागेपणीचा 90 टक्के वेळ मोजा आणि दोन आठवडे कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव, असे त्याचे रूप होते. पण अट आहे: मनगट किमान 10 अंश वर उठायला हवे आणि अंगठा व निदान दोन बोटे तेवढीच उघडायला हवीत. तेवढे नसताना मोजा घातला तर माणूस दोन्ही हातांनी अडतो आणि चिडतो. घरी दिवसाला दोन-तीन तास, ठरलेल्या कामांपुरता घालावा. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात आणि गरम वस्तूंजवळ काढून ठेवावा.

आरसा स्वस्त आणि निरुपद्रवी. सुमारे 45 बाय 60 सेंटिमीटरचा आरसा टेबलावर मधोमध उभा करावा, कमजोर हात मागे लपवावा, चांगल्या हातातले घड्याळ आणि अंगठी काढावी म्हणजे प्रतिमा खरी वाटते. मग आरशात बघत चांगला हात हळू उघडमीट करावा आणि मागचाही तसाच हलवायचा प्रयत्न करावा. रोज 15 ते 30 मिनिटे. गरगरले तर थांबावे. रात्री मनगट-बोटे एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटकडून फार अपेक्षा ठेवू नये; 63 जणांवरच्या 2007 च्या चाचणीत चार आठवडे स्प्लिंट घालूनही मनगट आखडण्यात फरक पडला नव्हता.

सुधारणा डोळ्यांनी मोजू नये. अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, मध्ये 15 सेंटिमीटर उंच आडोसा, आणि एका मिनिटात कमजोर हाताने एकेक करून किती ठोकळे पलीकडे टाकले याची नोंद. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर. एक-दोन ठोकळ्यांचा फरक चांगल्या-वाईट दिवसाचा असू शकतो. सहा-सात वाढले तर खरे धरावे. सहा आठवडे आकडा जागचा हलला नाही तर साधन किंवा पायरी बदलायची वेळ झाली.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अशा साधनांची माहिती छापताना साधन हाताच्या कोणत्या अवस्थेसाठी आहे आणि हालचाल यंत्र करते की माणूस, एवढ्या दोन गोष्टी सोबत छापल्या जाव्यात ही विनंती.

साधन कोणतेही असो, पट्टीचा वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टी सैल करावी किंवा जागा बदलावी. पंजा सुजला, गरम आणि लालसर झाला, बोटे वाकवताना कळ येऊ लागली, तर चोळून, शेकून किंवा जोर लावून पाहू नये. व्यायाम थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. आणि चालू व्यायामात तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात अचानक आणखी कमजोर वाटला, तर वेळ लक्षात ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आपले,
पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट